अण्णांनी फोडलेला नारळ

ही गोष्ट आजपर्यंत माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बायकोसमोर नाही, लातूरच्या ताईसमोर नाही, देवासमोरसुद्धा नाही — देवासमोर उभा राहिलो की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. माहीत आहे ती फक्त एका कंप्युटरला. आणि तोच कंप्युटर आत्ता माझ्या पुढ्यात आहे. त्याच्यावरच हे टाईप करून राहिलोय.

मी संतोष. नांदेडात माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, बरं चालतं. माझा स्वभाव आधीच सांगून ठेवतो — मला माझी चूक दाखवलेली खपत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "तुम्ही मागच्या वेळी हात लावला तेव्हापासूनच असं होतंय," की माझं डोकं सणकतं. आणि मशीन तपासायची माझी एक पद्धत आहे. पद्धत कसली, खोड म्हणा. जे काम मी माझ्या हातानं केलंय, ते मी पुन्हा उघडून बघत नाही. लाईटीचा दोष काढीन, कंपनीचा काढीन, गिऱ्हाइकाच्या लेकराबाळांचा काढीन. माझ्या हाताचा नाही. एवढं लक्षात असू द्या.

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर होते. नांदेड-लातूर, लोहा-अहमदपूरवरून. त्या सगळ्या वर्षांत एकही अपघात नाही. माणूस सोडा, त्यांच्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. त्याचा एक बिल्ला मिळालेला, तो देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये कापसात गुंडाळून ठेवलेला असायचा.

पण बिल्ल्याहून मोठा होता त्यांचा कान. आमच्या गल्लीत कुणाची मोटारसायकल खडखड करायला लागली की ती मेकॅनिककडे जायच्या आधी आमच्या ओट्यासमोर उभी राहायची. अण्णा डोळे मिटायचे. "दे रेस," म्हणायचे. मग मान तिरकी करून ऐकायचे आणि सांगायचे — चेन ढिली हाय, नाहीतर बेअरिंग गेलंय. मेकॅनिकपण म्हणायचा, अण्णांनी सांगितलंय ना, मग तेच असंल. रिटायर झाल्यावर स्टेअरिंग सुटलं, खाकी कपडे पेटीत गेले. कान तेवढा राहिला होता. त्या माणसाकडं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं — आणि हे मला चांगलं माहीत होतं, म्हणून तर हे सगळं सांगायला एवढं जड जातंय.

रिटायर झाल्यावर ते नुसते बसून असायचे. रोज दाढी करून, भांग पाडून, ओट्यावर. कुठं जायचं नाही, यायचं नाही. मला बघवत नव्हतं. माझ्या घरी मी गेम खेळण्यासाठी एक चांगलं मशीन जोडलेलं होतं — हसू नका, चाळिशी ओलांडली तरी ते खूळ गेलेलं नाही. एका रविवारी मी त्यात बस चालवायचा गेम टाकला. स्टेअरिंग आणि पायाचे पेडल दुकानातून आणून टेबलाला जोडले आणि अण्णांना बसवलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, स्टेअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि गाडी काढली.

त्या दिवसापासून रोज दुपारी अण्णांची ड्यूटी लागली. गेममधले रस्ते कुठल्यातरी परदेशातले, पण अण्णांना त्याचं काही नाही. हे लोहा आलं, हा माळाकोळीचा फाटा, आता अहमदपूरला च्या घेऊ. प्रत्येक थांब्यावर थांबायचे आणि माझ्या बायकोला हाक मारायचे, "सुनीता, घंटी मार गं!" सुनीता स्वयंपाकघरातून ताटलीवर चमचा दोनदा वाजवायची. टण टण. मग गाडी हलायची. सासरा ड्रायव्हर, सून कंडक्टर — गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. लई मजा होती हो ती.

मला थोडं खुपायचं पण. दुकानातून दुपारी जेवायला यावं, अर्धा तास स्वतःचा गेम खेळावा म्हटलं तर अण्णांची गाडी चाकूरच्या पुढं गेलेली नसायची. मशीन माझं, आणि मी रांगेत! हे बारीकसं खुपणं मी तेव्हा मनात घेतलं नाही. पुढं ते कामाला आलं.

चार वर्षांपूर्वीची खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते. आदल्या दिवशी सगळं घासून पुसून ठेवायचं. दुकानातलं आवरलं, मग घरचं मशीन उघडलं. त्यात गेमचं चित्र काढणारं जे मोठं कार्ड असतं, त्याच्यावर दोन पंखे असतात — कार्ड तापलं की ते फिरून त्याला गार करतात. मी ते पंखे काढले, ब्रशनं धूळ झाडली, परत बसवले. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. बोलत बोलतच मी झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पूजा केली. तशीच, जशी डेपोत गाडीची करायचे. मशीनला झेंडूचा हार, स्टेअरिंगला हळदीकुंकू, ब्रेकच्या पेडलखाली लिंबू. आणि नारळ. मी म्हणालो, अण्णा, ओट्यावर फोडा. ते म्हणाले, "गाडीचा नारळ गाडीम्होरंच फोडत्यात." टेबलासमोर दगड ठेवला, एका फटक्यात फोडला, आणि बोटं बुडवून थोडं पाणी स्टेअरिंगवर शिंपडलं. एखादा थेंब मशीनच्या डब्यावर पडला असेल. मी हसत होतो, मोबाईलवर फोटोसुद्धा काढला. तो फोटो अजून आहे — अण्णा हातात नारळाची वाटी घेऊन, असे काही उभे, की नवी कोरी गाडी मिळालीय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा ड्यूटीवर बसले. वीस मिनिटं झाली असतील, आणि स्क्रीन काळा झाला. एकदम. आवाज चालू, इंजिन चालू, पण समोर अंधार. अण्णांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, स्टेअरिंग घट्ट धरलं आणि ओरडले, "संतू! म्होरची काच काळी पडली! आत मानसं हायेत रे!"

मला हसू आलं. त्यांना घाम फुटला होता आणि मला हसू आलं.

मशीन बंद करून चालू केलं, सगळं ठीक. पुन्हा गेम लावला, पुन्हा पंधरा-वीस मिनिटांत काळं. मग मी लागलो मागं. स्क्रीनची वायर बदलली. दुसरा स्क्रीन आणून लावला. दुकानातला मोठा पॉवर सप्लाय आणून जोडला. सगळं सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं. साधं काही बघायचं, टाईप करायचं, तर दिवसभर चालायचं. गेम लावला की काळं. गेमातच का? कारण गेमात कार्डावर जोर येतो, ते तापतं. हे दुकानात नवीन लागलेलं पोरगं सांगेल. मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मग कार्ड उघडून का नाही बघितलं? — कारण ते मी स्वतः साफ केलं होतं. माझ्या हातचं काम, त्यात काय बघायचं?

पाचव्या दिवशी मी घामाघूम होऊन मशीनपुढं बसलो होतो. शेजारचे गुरुजी गंमत बघत खुर्चीत बसलेले. सुनीता चहा घेऊन आलेली. अण्णा मागं उभे होते, मान तिरकी करून. आणि हळूच म्हणाले, "संतू, आधी गाडी काढली की आतून घों असा आवाज चढायचा बघ. आता चढून नाही राहिला. आतला पंखा बंद पडलाय का बघ बरं. रेडिएटरचा पंखा बंद पडला की इंजिन असंच दम सोडतंय."

ऐकलंत? सगळं सांगितलं होतं त्यांनी. दोष, कारण, उपाय. डोळे मिटून, नुसतं ऐकून.

मी काय केलं? गुरुजींसमोर, बायकोसमोर, मी ताडकन उठलो. म्हणालो, "अण्णा, ही लाल गाडी न्हाई! यातलं तुम्हाला काय कळतंय? चांगलं चालू मशीन, तुम्ही त्याच्यावर नारळ फोडून ठेवला. पाणी गेलं असंल आत, दुसरं काय?"

गुरुजींनी चहा बशीत ओतला. सुनीता आत गेली. अण्णा म्हणाले, "आसंल बाबा." एवढंच. आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेले.

तोपर्यंत — हे बघा, मी पळवाट काढत नाही — पण तोपर्यंत मी नुसता तापट होतो, खोटा नव्हतो. खोटा झालो त्याच्यानंतरच्या तासाभरात. गुरुजी गेल्यावर मी कार्ड काढलं. पंख्यांची वायर नुसतीच लोंबत होती. बोटाएवढी वायर, तिच्या टोकाला नखाएवढा पांढरा जोड. मी त्या फोनच्या नादात लावायचाच विसरलो होतो. आत नारळाच्या पाण्याचा एक डाग नाही. मी टॉर्च लावून शोधला — होय, शोधला, डाग सापडावा म्हणून शोधला! कोरडं खणखणीत.

वायर लावली. गेम सुरू केला. आतून घों असा आवाज चढला. अर्धा तास ठेवलं, काही झालं नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. मी गेम बंद केला. अण्णा पिशवी घेऊन दारात उभे राहिले, आत आले नाहीत. विचारलं, "निघालं का काय?"

किती सोपं होतं! "तुम्ही म्हणलात तेच निघालं अण्णा." बास. पाच शब्द. त्यांनी मिशीत हसून सुनीताला हाक मारली असती, गल्लीभर सांगितलं असतं, मला आठ दिवस चिडवलं असतं. माझं काय गेलं असतं?

मी म्हणालो, "हाव. नारळाचं पाणीच होतं. कार्ड जळालं."

कार्ड जळालं हे का म्हणालो, ते सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी अक्कल कळेल. नुसतं पाणी पुसलं म्हणालो असतो, तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गाडी काढायला बसले असते. आणि पंखा चढल्याचा आवाज त्यांना आला असता. त्या कानाला फसवता आलं नसतं. म्हणून मला त्यांना त्या खुर्चीपासूनच तोडावं लागलं. एवढा विचार मी फाटक वाजल्यापासून ते तोंड उघडेपर्यंत केला. तसा हुशार आहे मी.

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. मशीनकडं बघितलं. मग दोन्ही हात मागं नेऊन एकमेकांत धरले. तेव्हापासून, घरातल्या कुठल्याही यंत्राजवळ गेले की ते हात असेच मागं बांधून उभे राहतात. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो. चुकून हात लागू नये म्हणून.

मशीन मी दुकानात नेलं, घरी साधं आणून ठेवलं. स्टेअरिंग माळ्यावर टाकलं. सुनीता दोन-तीनदा म्हणाली, "अहो, मामांसाठी दुसरं कार्ड बघा ना, ते किती खूश असायचे." मी बघतो म्हणालो. मी काय बघणार? कार्ड तर दुकानात चालू होतं. मी दुपारच्या डब्यानंतर त्याच्यावर खेळत होतो. निवांत. कुणाच्या रांगेत न थांबता. आणि सगळ्यात लाज वाटते ती याची — पहिले काही महिने मला बरं वाटत होतं.

एकदा त्यांच्या जुन्या गाडीवरचे कंडक्टर भेटायला आले होते, म्हातारे झालेले. बोलता बोलता अण्णा त्यांना म्हणाले, "एकतीस वर्षांत केला न्हाई तो ॲक्सिडेंट घरी बसून केला बघा. पोराचं मशीन जाळलं." दोघं हसले. मी तिथंच बसलो होतो. मी पण हसलो. पुढं एकदा ड्रॉवर उघडला तर कापूस तसाच होता, त्यात बिल्ला नव्हता. तो कुठं गेला हे मी विचारलं नाही.

ओट्यावर मोटारसायकली थांबायच्या, त्यापण कमी झाल्या. कुणी रेस दिली तर अण्णा म्हणायचे, "आता सगळं नवीन आलंय बाबा, मेकॅनिकलाच दाखव." ताईचा लातूरहून फोन आला होता. अण्णा तिच्याकडं जायचे तेव्हा नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे, वाटभर त्याला क्लच-गिअर शिकवायचे, ड्रायव्हर लोक वैतागायचे. ताई म्हणाली, "संतू, अण्णा आज पार मागच्या सीटवर बसून आले रे. बरं आहे ना त्यांना?" मी म्हणालो, वय झालं आता.

खंडेनवमीला नारळ आता मीच फोडतो. ओट्याच्या खाली उतरून, फाटकापाशी. अण्णा तिकडं येत नाहीत.

हे असंच चाललं असतं. तुम्हालाही सांगितलं नसतं. पण गेल्या महिन्यात सुनीता स्कूटीवरून पडली. आमच्याच वळणावर, भाजी घेऊन येताना. समोर म्हैस आली, तिनं ब्रेक दाबला, ब्रेक लागलाच नाही. मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून तिला घरी आणलं, आणि मेकॅनिक गाडी बघून म्हणाला, भाऊ, मागच्या ब्रेकचं लायनर पार घासून गेलंय, कधीपासून वाजत असंल, कुणाला ऐकू नाही आलं का?

मी घरी येऊन हे मोठ्यानं सांगितलं, तावातावानं, मेकॅनिकच्याच नावानं बोटं मोडत — मागच्या सर्व्हिसिंगला त्यानं बघायला नको होतं का? सुनीता गादीवर पडलेली, हात उशीवर ठेवलेला. अण्णा दाराशी उभे होते. हात मागं. मग खाली बघत म्हणाले,

"मला आलं होतं ऐकू. आठ दिस झाले. ती गाडी लावायची तवा चर्र करायचं. लायनर गेलंय वाटत होतं. पण म्हणलं, आपल्याला काय कळतंय? मागं तसं बोललो आन् चूक माझीच निघाली. उगं पुन्हा कशाला..." आणि सुनीताकडं बघून म्हणाले, "चुकलं माजं, पोरी. बोलाय पायजे होतं."

सुनीता रडायला लागली. "मामा, असं नका हो बोलू," म्हणाली.

मी तिथं होतो. दोघांच्या मध्ये. चार वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा दारात उभा होता, आणि सांगायला तेच पाच शब्द होते. तोंड उघडलंसुद्धा मी.

म्हणालो, "असू द्या अण्णा. होतं असं. आम्ही काय मनात धरत नाही."

मी त्यांना माफ केलं. आणि अण्णांनी मान हलवली, हात मागंच ठेवून, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.